साइट देखणी ठेवूनच ऐकण्याजोगी कशी करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: येवल्याच्या एका पैठणी विक्रेत्यासाठी तुम्ही ऑनलाइन दुकान बांधलंय. सोनेरी अक्षरं, पहिल्या पानावर आपोआप सरकणारी मोठी छायाचित्रं, एकेक अक्षर उमटत जाणारं शीर्षक, मागे मंद सनई. मालक खूश होते, पण आता एका दृष्टिहीन गिऱ्हाइकाची तक्रार आली की फोनवर साडीचा रंगच निवडता येत नाही. तुम्ही विचारताय, सजावट काढून साइट साधी करायची, की अंधांसाठी नुसत्या मजकुराची वेगळी साइट द्यायची?

दोन्ही करू नका. वेगळी साइट दोन-तीन महिन्यांत शिळी होते. भाव बदलला की एकीकडे बदलतो, दुसरीकडे राहून जातो. दिवाळीची सवलत तिथे पोचतच नाही. कोपऱ्यात निळं माणूस-चिन्ह लावणारं तयार प्लगइनही घेऊ नका. ज्याला स्क्रीन रीडर (पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) लागतो त्याच्याकडे तो आधीपासून असतो, आणि आतला सांगाडा मोडका असेल तर वरून चिकटवलेलं खेळणं तो नीट करू शकत नाही. सजावट काढण्याचं म्हणाल, तर तिच्यातली बरीचशी स्क्रीन रीडरच्या वाटेत येतच नाही.

स्क्रीन रीडर पडद्याकडे बघत नसतो. ब्राउझर तुमच्या एचटीएमएलवरून घटकांचं एक झाड बनवतो: हे शीर्षक, ही लिंक, हे बटण, हे चित्र आणि त्याचं नाव. विंडोजवरचा एनव्हीडीए किंवा अँड्रॉइडवरचा टॉकबॅक, हे दोन्ही स्क्रीन रीडरच, ते झाड वाचतो. त्यामुळे पार्श्वभूमी, सावल्या, मोकळी जागा, सुंदर फाँट, मांडणी हे सगळं त्याच्या दृष्टीने फुकट आहे. अडतं ते एखादी माहिती फक्त दिसण्यातच ठेवली की. तेव्हा प्रत्येक देखण्या गोष्टीला एकच प्रश्न विचारायचा: हिच्यात जे कळतं ते झाडात कुठे आहे?

उत्तर थोडं परिस्थितीवर अवलंबून राहील. साइट तयार थीमवर असेल तर काही गोष्टी तुमच्या हातात नसतील. शिवाय ‘अंध’ म्हणजे एकच प्रकारचा वापरणारा नव्हे. पूर्ण दृष्टिहीन माणसाला रंगांतल्या फरकाचं काही नसतं. अल्पदृष्टी असलेला माणूस पान ४०० टक्के मोठं करून डोळ्यांनीच वाचतो आणि त्याचं सगळं त्या फरकावर अवलंबून असतं. खाली दोघांचाही विचार केलाय.

तक्रार रंगाची आहे, तर तिथूनच सुरुवात करू. बऱ्याच थीममध्ये रंगाची गोल टिकली म्हणजे एक डिव्ह (एचटीएमएलमधला नुसता रिकामा डबा) असतो, त्याला पार्श्वभूमीचा रंग आणि क्लिकची स्क्रिप्ट जोडलेली. त्याला नाव नाही, भूमिका नाही, ‘निवडलेलं आहे’ अशी स्थिती नाही. टॉकबॅक लावून त्यावर बोट फिरवलं तर काहीच ऐकू येत नाही.

तिच्या जागी खरं रेडिओ बटण ठेवा. सगळी बटणं एका फील्डसेटमध्ये (म्हणजे एका गटात), त्याच्या लेजंडमध्ये (गटाच्या नावात) ‘रंग’ हा शब्द, आणि प्रत्येक बटणाच्या लेबलात रंगाचं नाव. आता ते ओबडधोबड रेडिओ बटण लपवायचं कसं, इथे बहुतेक जण चुकतात. ‘डिस्प्ले: नन’ दिलं तर ते झाडातूनच जातं, म्हणजे पुन्हा मूळपदावर. एक पिक्सेलचं करून कोपऱ्यात दडवलं तर कीबोर्डवर चालतं, पण फोनवर फसतं, कारण टॉकबॅक वापरणारी व्यक्ती पडद्यावर बोट फिरवून वस्तू शोधते आणि बोटाखाली टिकली असते, बटण नसतं. म्हणून बटण टिकलीच्याच आकाराचं ठेवा, ४४ बाय ४४ पिक्सेल, ॲब्सोल्यूट पोझिशनने टिकलीच्या बरोबर वर बसवा आणि त्याची ‘ओपॅसिटी’ शून्य करा. (वेबसाइट सर्वांना वापरता यावी यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम म्हणजे डब्ल्यूसीएजी; त्याच्या २.२ आवृत्तीचा एए स्तर किमान २४ बाय २४ मागतो, पण बोटाला ४४ बरं.) टिकली हा बटणाच्या लगेच नंतरचा स्पॅन. ‘चेक्ड’ असताना त्याभोवती सोनेरी कडं, ‘फोकस-व्हिजिबल’ असताना बाहेरून आणखी एक रेघ. दिसायला काडीचाही फरक पडत नाही, आणि गिऱ्हाइकाला ऐकू येतं: ‘रंग, डाळिंबी, रेडिओ बटण, निवडलेलं, ५ पैकी २’. शब्दांचा क्रम प्रत्येक स्क्रीन रीडरचा थोडा वेगळा, पण माहिती हीच. बाणाच्या कळांनी पुढेमागे जाणं ब्राउझर आपणहून देतो, त्यासाठी स्क्रिप्टची एक ओळ लागत नाही.

रंगाचं नाव ‘कलर ३’ नको. दुकानात बोलतात तेच घाला: रामा, चिंतामणी, मोरपंखी, डाळिंबी, राणी. ते टिकलीखाली सगळ्यांना दिसेल असंही छापा, कारण स्वस्त फोनच्या पडद्यावर राणी आणि डाळिंबी डोळसांनाही सारखेच भासतात. संपलेल्या रंगावर तुम्ही तिरकी रेघ मारत असाल तर ती ऐकू येत नाही. लेबलातच ‘संपली’ हा शब्द हवा.

आता ते अक्षर-अक्षर उमटणारं शीर्षक. असले ॲनिमेशन करणारे प्लगइन शब्दाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळ्या स्पॅनमध्ये टाकतात. इंग्रजीत याचा त्रास एवढाच की स्क्रीन रीडर कधी कधी शब्द न वाचता सुटी अक्षरं वाचतो. देवनागरीत डोळ्यांनाही त्रास होतो. ‘पैठणी’ हा शब्द युनिकोडमध्ये पाच तुकड्यांचा आहे: प, ऐची मात्रा, ठ, ण, दीर्घ ईची वेलांटी. प्लगइन डोळे मिटून पाच स्पॅन करतं, मग मात्रा एकटी पडते आणि ब्राउझर तिला ठिपक्यांच्या वर्तुळावर बसवून दाखवतो. ते वर्तुळ तुमच्या पानावर क्षणभर चमकत असेल तर कारण हे. जोडाक्षरांचं तर विचारूच नका. उपाय सोपा आहे: शीर्षक शब्दाशब्दाने उमटवा, अक्षराने नको. मूळ पूर्ण वाक्य नजरेआडच्या क्लासमध्ये एकदा ठेवा आणि नाचणाऱ्या तुकड्यांच्या बाहेरच्या घटकाला ‘एरिया-हिडन’ (aria-hidden, म्हणजे झाडातून लपवणारा गुणधर्म) द्या, म्हणजे वाक्य एकदाच आणि सलग वाचलं जाईल. वर्डप्रेसमध्ये नजरेआडचा क्लास ‘स्क्रीन-रीडर-टेक्स्ट’, बूटस्ट्रॅपमध्ये ‘व्हिज्युअली-हिडन’, टेलविंडमध्ये ‘एसआर-ओन्ली’. एक पिक्सेलवाली युक्ती तीच. नुसत्या वाचायच्या मजकुराला ती चालते, बोटाने दाबायच्या वस्तूला चालत नाही.

जाता जाता, देवनागरी शीर्षकाला ‘लेटर-स्पेसिंग’ देऊ नका. शिरोरेषा तुटते आणि अल्पदृष्टी माणसाला तर शब्दाचा आकारच सापडत नाही.

सोनेरी अक्षरांकडे येऊ. जरीचा म्हणून सर्रास वापरला जाणारा सोनेरी (लाल २१२, हिरवा १७५, निळा ५५) पांढऱ्यावर ठेवला तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांतल्या उजळपणाचा फरक, जेमतेम २.१ : १ येतो. साध्या मजकुराला किमान ४.५ : १ लागतो. मोठ्या अक्षरांना, म्हणजे २४ पिक्सेल किंवा ठळक असतील तर साधारण १८.७ पिक्सेलपासून पुढे, ३ : १ चालतो. म्हणजे पांढऱ्यावर हा रंग शीर्षकालाही पुरत नाही. पण तोच सोनेरी गडद मरून पार्श्वभूमीवर (७४, १४, ३१) ठेवा, आकडा ७.३ : १ च्या आसपास जातो. सोनं तेच, फक्त जमीन बदलली, आणि पैठणीच्या दुकानाला ती जास्त शोभते. पांढऱ्या पानांवर सोनेरी रेघा, वेलबुट्टी खुशाल ठेवा. भाव आणि वर्णन मात्र मरूनमध्ये लिहा. बटणाची कड, निवडलेल्या टिकलीचं कडं अशा गोष्टींनाही शेजारच्या रंगाशी ३ : १ हवा, म्हणजे पांढऱ्या पानावर ते सोनेरी कडं वरून मरून रेघ देऊन उठवावं लागेल.

छायाचित्रांवर सगळ्यात जास्त वेळ घाला. लिंकच्या आत असलेल्या चित्राला ‘ऑल्ट’ (चित्राऐवजी वाचला जाणारा मजकूर) नसेल तर स्क्रीन रीडर नाइलाजाने फाइलचं नाव वाचायला लागतो: ‘आयएमजी अंडरस्कोर ४४७१’. यादीच्या पानावर अशा चोवीस साड्या असल्या की माणूस उठून जातो. दुसरं टोक म्हणजे सगळ्यांना ‘सुंदर पैठणी साडी’ असा एकच ऑल्ट. तेही तितकंच निरुपयोगी.

यादीच्या पानावर साडीचं नाव चित्राखाली लिहिलेलं असतंच, त्यामुळे तिथे ऑल्ट रिकामा ठेवा. रिकामा म्हणजे गुणधर्म हवा, आत काही नको. गुणधर्मच काढून टाकला तर पुन्हा फाइलचं नाव. अख्खं कार्ड लिंकमध्ये गुंडाळू नका, नाहीतर नाव, भाव, सवलत, तारे हे सगळं एका दमात एकाच लिंकचं नाव म्हणून वाचलं जातं. लिंक फक्त साडीच्या नावावर ठेवा आणि त्या लिंकच्या ‘आफ्टर’ घटकाला ॲब्सोल्यूट करून पूर्ण कार्डावर पसरवा. डोळसांना कार्डावर कुठेही दाबता येतं, ऐकणाऱ्याला नेमकं नाव मिळतं. आवडीच्या हृदयाचं बटण असेल तर त्याचा ‘झेड-इंडेक्स’ वर घ्यायला विसरू नका, नाहीतर तेही लिंकखाली गाडलं जातं.

साडीच्या स्वतःच्या पानावर मात्र ऑल्ट दुकानातल्या विक्रेत्याच्या तोंडून आल्यासारखा हवा: ‘डाळिंबी पैठणी, हिरवा नारळी काठ, पदरावर चार बांगडी मोर, अंगभर लहान बुट्टी.’ सुरुवातीला ‘चे छायाचित्र’ लिहू नका, चित्र आहे हे स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो. दुसरा फोटो नुसत्या पदराचा असेल तर त्याच्या ऑल्टमध्ये पुन्हा अख्खी साडी नको, पदरच सांगा. काठाची रुंदी इंचांत, वजन, मुनिया की असावली, ही माहिती ऑल्टमध्ये कोंबण्यापेक्षा खाली वर्णनात लिहा, सगळ्यांच्याच कामी येते. स्पर्शाने कळणाऱ्या गोष्टीही लिहा. हातमागाच्या पैठणीची उलटी बाजू सुलटीसारखीच स्वच्छ असते, तर यंत्रावरच्या साडीत मागे सुटे धागे हाताला लागतात. पार्सल उघडल्यावर दृष्टिहीन गिऱ्हाईक हेच बोटांनी तपासणार, मग ते पानावर का नसावं? हे लेखन तुम्ही करू नका, विक्रेत्याकडून करून घ्या. रोज दहा साड्या सांगून तो उतरवून देऊ शकतो. तुम्ही बसलात तर प्रत्येक साडी ‘आकर्षक’ होईल.

सरकणारी छायाचित्रं आणि सनई या दोन ठिकाणी मात्र खरोखर माघार घ्यावी लागेल. पान उघडताच सनई वाजली की स्क्रीन रीडरचा आवाज तिच्याखाली दबतो, आणि ती बंद करायचं बटण शोधायलाही तोच आवाज लागतो. नियमाने तीन सेकंदांहून लांब आपोआप वाजणाऱ्या आवाजाला थांबवायची किंवा आवाज कमी करायची सोय लागते. माझं मत विचाराल तर आपोआप वाजवूच नका, ‘सनई ऐका’ असं बटण द्या. सरकत्या चित्रांचा नियम पाच सेकंदांचा: त्याहून जास्त वेळ काही आपोआप हलत असेल तर थांबवायचं बटण हवं. नेहमीचा घोळ असा की पडद्याबाहेर ढकललेल्या स्लाइडमधल्या लिंका झाडात तशाच राहतात, आणि टॅब दाबणारा न दिसणाऱ्या चार लिंकांवरून फिरत बसतो. न दिसणाऱ्या स्लाइडला ‘इनर्ट’ हा गुणधर्म लावा, म्हणजे ती झाडातून आणि टॅबच्या वाटेतून बाजूला होते. त्याहून सोपं म्हणजे आपोआप सरकणं काढून ‘स्क्रोल-स्नॅप’ची आडवी पट्टी करा, बोटाने सरकते, दिसतेही झोकदार. आणि चित्रात कोरलेला मजकूर, ‘लग्नसराई सवलत’ वगैरे, चित्रावर खऱ्या अक्षरांत ठेवा. मराठी सुलेखनासाठीच तो चित्रात टाकला जातो हे मान्य, पण आता बलू, मुक्ता, यात्रा वन असे देवनागरी वेबफाँट मोफत आहेत. हवं तसं वळण नाहीच मिळालं तर चित्र ठेवा आणि तेच शब्द ऑल्टमध्ये लिहा.

बारीकसारीक गोष्टी भराभर सांगतो. शीर्षकाची पातळी आकार बघून निवडू नका. स्क्रीन रीडर वापरणारे एच ही कळ दाबत शीर्षकांवरूनच पान चाळतात. साडीचं नाव एच१, ‘वर्णन’, ‘माप’, ‘परत करण्याचे नियम’ एच२, आकार सीएसएसने हवा तो द्या. खोडलेला जुना भाव बहुतेक वेळा खोडलेला म्हणून वाचला जात नाही, दोन आकडे लागोपाठ ऐकू येतात. आधी नजरेआड ‘मूळ किंमत’ आणि ‘सवलतीची किंमत’ घाला. कार्टच्या चिन्हावरचा ३ नुसता ‘तीन’ ऐकू येतो, तो ‘कार्ट, ३ वस्तू’ असा हवा. ‘कार्टमध्ये टाकली’ ही पट्टी वर येऊन जाते आणि ऐकणाऱ्याला पत्ताच नसतो. त्यासाठी ‘रोल स्टेटस’चा रिकामा डिव्ह पान उघडतानाच ठेवा आणि मजकूर नंतर त्यात भरा, डिव्ह आणि मजकूर एकदम आणला तर अनेकदा वाचलाच जात नाही. ओटीपीसाठी सहा सुटे चौकोन दिसतात छान, पण ऐकताना सहा वेगळे खाने वाटतात. एकच खाना द्या, ‘वन-टाइम-कोड’ हा ऑटोकम्प्लीट लावा, चौकोनांच्या रेघा पार्श्वभूमीवर काढा. वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा काढून टाका.

मराठी साइटवर आणखी दोन गोष्टी तपासाच. पानाची भाषा ‘एमआर’ अशी नोंदवलेली आहे का? थीम बहुधा इंग्रजी सोडून देते, मग इंग्रजी आवाज देवनागरी गाळतो किंवा भलतंच काही वाचतो. दुसरं, विक्रेत्याकडून आलेला जुना मजकूर. शिवाजी, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फाँटांत टाइप केलेलं मराठी दिसतं मराठी, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. रोमन कचरा दिसला तर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि जोडाक्षरं हाताने तपासा.

मालकांनी ‘एवढ्यासाठी एवढं?’ विचारलं तर कायद्याचंही सांगता येईल. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पण दुकानदाराला बहुधा एवढंच पटतं की ज्या बाईने तक्रार केली ती साडी घ्यायलाच आली होती.

हाताशी तीनच दिवस असतील तर क्रम असा ठेवा. पहिल्या दिवशी टिकल्या, कार्ट, ओटीपी, म्हणजे खरेदी पूर्ण होईल. दुसऱ्या दिवशी भाषा, शीर्षकं, सनई, सरकती चित्रं. तिसऱ्या दिवशी रंगांचा फरक आणि सर्वाधिक खपणाऱ्या वीस साड्यांचे ऑल्ट. बाकीचे विक्रेता लिहील तसे चढवा. लाइटहाउस या क्रोममधल्या तपासणी-साधनाचे १०० गुण आले म्हणून थांबू नका. ऑल्ट आहे की नाही हे ते सांगतं, ‘सुंदर पैठणी साडी’ चोवीस वेळा ऐकायला कसं वाटतं हे सांगत नाही. एनव्हीडीए मोफत आहे. तो चालू करा, माउस बाजूला ठेवा, एनव्हीडीए कळ (सहसा इन्सर्ट) आणि एफ७ दाबून लिंका आणि शीर्षकांची यादी काढा आणि नुसत्या यादीवरून दुकान कळतं का बघा. मग फोनवर टॉकबॅक लावून, पडद्यावर रुमाल टाकून, एक डाळिंबी साडी पैसे भरायच्या पानापर्यंत न्या. तुम्हाला सवय नसल्याने वेळ लागेल, तो दोष साइटचा धरू नका. त्यानंतर तक्रार करणाऱ्या त्या गिऱ्हाइकालाच, त्यांच्या वेळेचं मानधन देऊन, तेच काम करून बघायला सांगा. त्या बोलत असताना मध्ये ‘तिथे वर उजवीकडे आहे’ असं म्हणायचं नाही, नुसतं लिहून घ्यायचं.